मुक्काम कुठं टाकायचा

१२ जानेवारी, सोमवार

ही डायरी गोरेगावच्या खताच्या दुकानदारानं फुकट दिली. पहिल्या पानावर फवारणीच्या औषधाचा डबा छापलाय. दिली होती पुनमच्या बापाला, पण तो कशाला लिहितोय. मी लिहिते. घरात आमी बंजारा लोक गोरमाटी बोलतो, आईला याडी म्हणतो, पण चौथीपर्यंत शाळा मराठीत झाली, म्हणून मराठीतच लिहिणार. चुकलं तर चुकलं, कोणाला दाखवायचंय.

लिहायचं कारण असं की दोन दिवसापासून डोक्यात नुसती भिरभिर चाललीय आणि या घरात ऐकायला कोणी नाही. सासू, जमनाबाई, खाटेवर पडून. तिला निम्मं कळतं, निम्मं नाही. वसराम, म्हणजे पुनमचा बाप (लिहिलं नाव, काय होतंय), त्याला हळदीशिवाय दुसरं दिसत नाही.

पुनम आमची एकुलती एक. जर्मनीत फुल्डा म्हणून गाव आहे, तिथं मोठ्या दवाखान्यात सिस्टर आहे. तीन वर्षं झाली. सगळ्या तांड्याला माहीत आहे. पांढरा कोट घालून डॉक्टरच्या बराबरीनं फिरते, असं मीच सांगितलंय.

परवा फोनवर म्हणली, "याडी, एप्रिलात इकडं थंडी सरती, झाडं नुसती फुलानं भरून जातेत. मला सुट्टी हाय. तू आन् बा या."

मी म्हणलं येते. विचार करत बसणाऱ्यातली मी नाही.

मंग म्हणली, "दोन शहरं पसंत कर. तिथं मुक्काम टाकू. रोज सकाळी निघून एक गाव बघायचं, संध्याकाळी परत मुक्कामाला. बोचकी घेऊन हिंडायचं न्हाई."

हे मला एकदम पटलं. पंधरा वर्षं ऊस तोडला आमी. मुकादम नेईल तिथं पाचटाची कोपी, म्हणजे झोपडी, टाकायची, रोज तिथून उसाच्या फडात जायचं, दिवस बुडाला की कोपीवर. जर्मनीवाले काही नवीन करत नाहीत.

१६ जानेवारी

पुनमनं फोटो पाठवले. एक गाव म्युनिक, एक कोलोन. म्युनिकहून डोंगर बघायचा, तळं बघायचं, शेजारच्या देशातलं एक गावसुद्धा बघून परत येता येतं म्हणे. देश ओलांडून संध्याकाळी घरी! आमाला हिंगोलीहून गोरेगावला परत यायला जीप भरायची वाट बघावी लागते. कोलोनला मोठी नदी आहे. तिथून बॉन नावाचं गाव जवळ, त्याच्या गल्ल्यांत झाडं अशी गुलाबी की आभाळ दिसत नाही.

वसरामला दाखवले. त्यानं डोंगराचा फोटो बोटानं मोठा केला, मोठा केला, आणि म्हणला, "ह्या गाई का?"

गळ्यात घंटा बांधलेल्या गाई होत्या. चांगल्या भरलेल्या. आमच्या पंज्या-आज्याचा धंदा बैलावर माल लादून न्यायचा. वसरामनं काही लादलं नाही कधी, पण जनावर दिसलं की त्याचं तोंड उघडं राहतं.

"म्युनिक," म्हणला. "माझं ठरलं. गाई बघायच्या."

"तिकीट काढून गाई बघायला जायचं? सेनगावच्या बाजारात बघ की."

"त्या इकायच्या असतेत. ह्या बघायच्या."

डोकंच फिरलं.

१९ जानेवारी

पुनम म्हणली एप्रिलात गाई गोठ्यातच असतात, डोंगरावर बर्फ असतो. वसराम उठून बाहेर गेला. आता म्हणतो तुमी जा, मी हळद बघतो. हळद काढायला आलीच आहे हे खरं, पण एप्रिलपर्यंत शिजवून, वाळवून, सगळं उरकतं. हा गाईचा रुसवा आहे.

२५ जानेवारी

शेजारच्या चंदाबाईची मिना मे महिन्यापर्यंत रजा टाकून घरी आलीय. नांदेडला नर्सिंग शिकली आणि काम कुठं करते तर वृद्धाश्रमात. म्हाताऱ्या धुते. चंदाबाई नाक वर करून सांगते, माझी लेक सेवा करती. मी पुनमला फोनवर म्हणलं, "एवढं शिकून दुसऱ्याच्या म्हाताऱ्यांचं हागणंमुतणं काढायचं, त्यापरीस कोयता घेतलेला काय वाईट? बरं झालं बाई तू दवाखान्यात लागलीस."

पुनम काही बोलली नाही. रेंज गेली असंल. मी दोनदा हालो हालो केलं आणि ठेवून दिला.

२ फेब्रुवारी

हळद काढणी सुरू. कंबर धरलीय. पण डोक्यात मुक्कामच चालू आहे. रानात वाकले की म्युनिक, उभी राहिले की कोलोन.

दुपारी व्हिडिओवर फोन लावला तर पुनम कामावर होती. मागं लांबलचक वऱ्हांडा, भिंतीला हाताला धरायचा दांडा. कोणी म्हातारी "श्वेस्टर, श्वेस्टर" करून एकसारखी हाका मारून राहिली होती.

"कोण हाय?"

"पेशंट. सिस्टर म्हणून राहिली मला."

"काय झालंय तिला?"

"काही न्हाई. एकटं वाटतं."

एकटं वाटतं म्हणून दवाखान्यात ठेवून घेतात! श्रीमंत देशाचं सगळं वेगळंच. मी म्हणलं कोट घालून एक फोटो पाठव, चंदाबाईला दाखवायचाय. म्हणली पाठवते. मागच्या दिवाळीलाही पाठवते म्हणली होती.

८ फेब्रुवारी, रविवार

आज नकाशा पाठवला तिनं. मी दोन बोटांनी मोठा करून बघितला. म्युनिक पार खाली. कोलोन पार डाव्या अंगाला. फुल्डा कुठं? तर बरोबर मधोमध. पुन्हा बघितलं. मधोमध.

लगेच फोन लावला. "पुनम, तुझं गाव तर मधी हाय. मंग मधलं सोडून दोन टोकाला मुक्काम काहून?"

"याडी, फुल्डात बघायला काही न्हाई."

"तू हायेस की."

तिकडं दार लोटल्याचा आवाज आला.

"खोली लहान हाय माझी. तुमाला अडचण होईल. तिथं हाटेल चांगले हायेत."

"आन् तुझा दवाखाना?"

"तिथं बाहेरच्याला जाऊ देत न्हाईत. याडी, तू लवकर ठरव, विजाच्या आधी मुक्काम कुठं ते सांगावं लागतं."

ठेवला तिनं. म्हणे रेंज नाही. त्या देशात आगगाड्या मिनिटाला सुटतात आणि रेंज नाही.

९ फेब्रुवारी

झोप नाही. मला कळलं. तिथं तिनं कोणीतरी ठेवलाय. म्हणून खोली दावत नाही, म्हणून गाव दावत नाही. गोरा असंल. असला तर असला, पण मला येडी समजून इकडून तिकडं फिरवायचं? झाडं बघ म्हणे. झाडं आमच्याकडं नाहीत का?

वसरामला सांगितलं. तो म्हणला, "आसंल तर त्याला इचार, गाई हायेत का."

या माणसाशी बोलणं म्हणजे.

१२ फेब्रुवारी

वसराम यायला तयार नाही याचं खरं कारण आज निघालं. त्याच्या आईला कोण बघणार? बरोबर आहे त्याचं. गाईचं नुसतं नाव. जमनाबाईला कुशीवर करावं लागतं, भरवावं लागतं, सगळं करावं लागतं. करते मीच, म्हणून मला दिसलंच नाही की हे कोणीतरी करावं लागतं.

तांड्यात हे काम येणारी एकच. गेले चंदाबाईच्या दारात. उभी राहिले. ती भाकरी थापत होती, मुद्दाम वर बघितलं नाही.

"काय रूपाबाई, इकडं कुठं वाट चुकलीस?"

"मिनाला इचारायचं होतं. एप्रिलात पंधरा दिवस माझ्या सासूकडं बघंल का."

"आग्गं! म्हाताऱ्या धुणारी लागली का आता?"

हिला कोणी सांगितलं मी काय म्हणाले ते? तांड्यात भिंतीच नाहीत.

"लागली," मी म्हणलं. "पाठिव पोरीला. आन् भाकरी करपून राहिली तुझी, ती बघ."

मिना आतून हसत बाहेर आली. म्हणली येते काकी. पोरगी साधी आहे, आईवर गेली नाही.

१५ फेब्रुवारी

सासूला आतापासून सवय व्हावी म्हणून मिना सकाळी आली. तेवढ्यात पुनमचा व्हिडिओ कॉल. मी फोन खाटेवर टेकवून ठेवला, म्हणलं बघ तुझ्या आजीला कोण बघणार ते. त्या दोघी लागल्या बोलायला, आधी पुनम.

"टाचेखाली उशी देतेस का?"

"न्हाई, पिंढरीखाली. टाच अधर पायजे."

"व्हय. आन् पाठीला?"

"तीस अंशात वळवते. पूर्ण कुशीवर नको, खुबा दुखतो."

"आमच्याकडं एक आजी तशी वळवली की शिव्या देती," पुनम म्हणली आणि खळखळून हसली. मंग एकदम थांबली.

मी बघत होते. एकाच फडात ऊस तोडलेल्या दोन बायांसारख्या बोलून राहिल्या होत्या. पोरगी किती दिवसांनी अशी हसली. माझ्यासंगं बोलताना तर नुसतं झाडं, नदी, हाटेल.

मिना जाताना मी तिला दारात गाठलं. "खरं सांग. पुनमनं तिकडं कोणी ठेवलाय का?"

"न्हाई काकी. तसलं काही न्हाई."

"मंग कसलं हाय?"

तिनं पदराशी चाळा केला. "तुमीच इचारा तिला. पण काकी, इचारताना जरा... दमानं इचारा."

दमानं! मी कधी अंगावर जाते का कोणाच्या?

१६ फेब्रुवारी, सोमवार

आज फोन लावला आणि हालोसुद्धा केलं नाही. म्हणलं, "मुक्काम फुल्डा. दुसरं काही नको. कोण हाय तिथं ते मला बघायचंय."

"कोणी न्हाई याडी."

"मंग काय लपून राहिलीस?"

मला वाटलं आता परत रेंज जाणार. मंग म्हणली, "मी दवाखान्यात न्हाई. तिथली परीक्षा दोनदा दिली, भाषेत अडकले. म्हाताऱ्या माणसांच्या एका घरात काम करते. मिना करती तेच. आंघोळ घालते, भरवते, डायपर बदलते. पैलेपासून तेच."

मी फोन बंद केला. मी केला. रेंजला काही झालं नव्हतं.

१७ फेब्रुवारी

हळद शिजवली. शिजवायचा मोठा लोखंडी कुकर चारदा भरला. पुनमचे तीन फोन आले, हात हळदीचे होते.

१८ फेब्रुवारी

वसराम म्हणला, "उचल की गं फोन."

म्हणलं, "तूच उचल."

त्यानं उचलला. बाहेर गेला, लिंबाखाली उभा राहून बोलला. हा माणूस फोनवर 'बरं बरं, ठेव' याच्या पुढं कधी गेला नाही. आत आला तव्हा मी विचारलं काय म्हणली. म्हणला, "जेवली म्हणली." एवढं लिंबाखाली अर्धा तास!

तांड्यात काय तोंड दाखवू? पांढरा कोट म्हणून तीन वर्षं सांगितलं.

२० फेब्रुवारी

मिना सासूला आंघोळ घालून राहिली होती. मी पाणी दिलं. ती आधी हातावर पाणी घ्यायची, मंग म्हातारीच्या हातावर टाकायची, मंग अंगावर. मी म्हणलं येवढं कशाला? म्हणली, "अंगावर एकदम पाणी पडलं की माणूस दचकतं काकी. आपल्याला कळत न्हाई, आपण घाईत असतो."

सासूनं मिनाचा हात धरला. "पुनी आलीस?"

आणि माझ्या तोंडातून निघालं, "न्हाई, पुनी तिकडं दुसऱ्या म्हातारीपाशी हाय. तिची झाली की येती."

निघालं तोंडातून, बस. सासूनं मान हलवली, जसं काही हे सगळ्यात सोपं आहे. मी तिथून उठले आणि चुलीपुढं येऊन बसले. चुलीवर काही ठेवलेलं नव्हतं.

संध्याकाळी मीच फोन लावला.

"तुझ्याकडं म्हाताऱ्या किती?"

ती घाबरून बोलली. "माझ्या मजल्यावर अठरा."

"हिंडत्याफिरत्या किती?"

"सात."

"ती हाका मारणारी?"

"ती... ती हाय. फ्राऊ केलर. नव्वदीची. रोज मला इचारती माझी आई कुठं हाय. म्हणजे तिची न्हाई, माझी."

"काय सांगतीस मंग?"

"सांगते, हळद शिजवून राहिली."

माझा आवाज जाड झाला, म्हणून मी जोरात बोलले. जोरात बोललं की कळत नाही. "हे बघ पुनम. मी ऊस तोडला तव्हा तू पाचटावर बसून बघितलं. मुकादमानं मला शिव्या दिल्या, त्याबी तू ऐकल्या. माझं काम तू सगळं बघितलंस. आता तुझं मी बघणार. जिथं काम तिथं कोपी टाकत असतेत, लांब टाकत न्हाईत. मुक्काम फुल्डा."

"खोली लई लहान हाय याडी."

"कोपीपरीस लहान हाय का?"

ती रडायलाच लागली. मी म्हणलं रडणं झालं की विजाचं काय ते भर, दिवस चाललेत.

एक मात्र मला अजून कळलं नाही. तीन वर्षं पोरीनं लपवलं काहून? मला सांगितलं असतं तर मी काय खाणार होते तिला? मी कधी काही बोलले असंल तर मला आठवत नाही. मागची पानं काढून बघायला वेळ नाही, हळद वाळत पडलीय.

२६ फेब्रुवारी

विजासाठी पुण्याला जाऊन बोटाचे ठसे देऊन आलो. वसरामचे ठसे उमटेनात, हळदीनं बोटं घासून गेलीत. तिथली पोरगी म्हणली परत दाबा. वसराम म्हणला, "आता बोट तोडून देऊ का?" मी पहिल्यांदा त्याच्यावर खूश झाले.

गाडीत बसल्या बसल्या गावं ठरवली. फुल्ड्याहून अर्ध्या तासावर वुर्झबुर्ग आहे, नदी आणि द्राक्षाचे मळे. तेवढ्याच अंतरावर कासल. फ्रांकफुर्ट तासाभरावर, तिथं उंच इमारती. एक दिवस लांब जाऊन गुलाबी झाडं बघायची, पुनमची लई इच्छा आहे. आणि फुल्ड्याच्या शेजारीच डोंगर आहे, तिथं काळ्या तोंडाची मेंढरं असतात.

"मेंढरं?" वसराम म्हणला. थोडा वेळ खिडकीबाहेर बघितलं. "मेंढरं बी चालतेत."

४ मार्च

होळी झाली. तांड्यात लेंगी, म्हणजे होळीची गाणी, म्हणली बायांनी. फोन धरून पुनमला दाखवली. तिच्या मागं चार-पाच म्हाताऱ्या खुर्च्यांवर बसून टाळ्या वाजवत होत्या. एकीनं तर ओरडून काहीतरी सांगितलं. पुनम म्हणली, "तिला वाटतं लगीन हाय कोणाचं तरी."

विजा आला.

९ मार्च, सोमवार

गोरेगावला बाजाराला गेले होते. परतीची जीप भरेना. लखमा ड्रायव्हर आणखी दोन माणसं बसल्याशिवाय हलत नाही आणि मला नुसतं बसून राहवत नाही. समोर चंदाबाई. जीप गच्च, सगळे आपल्याच तांड्याचे.

चंदाबाई मोठ्यानं म्हणली, "काय रूपाबाई, जर्मनीत काय काय बघणार? दवाखाना बघणार असशील पुनमचा. पांढऱ्या कोटातला."

तिला माहीत होतं. मिनाकडून नसंल, पण माहीत होतं. सगळी जीप माझ्याकडं बघून राहिली होती. मला वाटलं उतरावं आणि चालत निघावं.

"दवाखाना न्हाई," मी म्हणलं. "पुनम म्हाताऱ्यांच्या घरात कामाला हाय. तुझ्या मिनावाणीच. अठरा म्हाताऱ्या हायेत तिच्याकडं. आंघोळ घालती, भरवती, सगळं काढती. तेच बघायला चालले मी. पैल्या दिवशी तेच, मंग बाकीची गावं."

चंदाबाईनं पिशवीतल्या मेथीच्या जुड्या उगाच वरखाली केल्या. मंग हळू म्हणली, "अठरा म्हणजे लई झाल्या गं एकटीला."

"दोघी असतेत."

"तरी."

लखमा आरशातून बघून म्हणला, "काकी, आमच्या म्हाताऱ्याला बी घेऊन जाता का तिकडं? फुकट देतो."

"दे की. पुनम त्याला दोन दिवसात सरळ करंल. आन् तू आधी गाडी हाक, न्हाईतर आमी समदे इथंच म्हातारे होऊ."

सगळे हसले. चंदाबाई बी. जीप निघाली.

१३ एप्रिल, सोमवार. फुल्डा

आलो. खोली खरंच लहान आहे, पण कोपीपेक्षा मोठी, मी पावलानं बघितली. वसराम खाली सतरंजीवर झोपलाय, घोरतोय. खिडकीबाहेर पांढऱ्या फुलाचं एकच झाड आहे आणि रस्त्यावर माणूस नाही. मिनानं रात्री फोटो पाठवला, सासू जेवून झोपली.

आज पहिला दिवस. पुनमची सुट्टी आहे, पण तिथल्या मोठ्या बाईनं आमाला नाष्ट्याच्या वेळी यायला सांगितलंय. फ्राऊ केलरला कालच सांगून ठेवलंय की हळद शिजवणारी आली.

मी आंघोळ करून, बूट घालून, पलंगाच्या कडेला बसलेय. बूट घालायची सवय नाही, पायाला रुतून राहिलेत.

पुनम पांघरुणातूनच म्हणली, "याडी, नाष्टा आठला असतो. आता पाच वाजलेत. झोप की."

मी म्हणलं, "फडात जायला आपण कधी उजाडायची वाट बघितली का?"

ती हसली आणि उशीत तोंड घातलं. झोपली परत. मी बूट काढणार नाही.

समोर दारामागं खुंटीला तिचा कामाचा झगा टांगलाय. धुऊन, इस्त्री करून. निळा आहे. मी सगळ्या तांड्याला पांढरा सांगितला होता. परत गेल्यावर निळा सांगावा लागंल.